कुंदाचा मुडा

वळ गाव सोडलं त्या सकाळी मी ओटी सारवायला म्हनून उठले आनि ओटीवरची लादी बघून परत खाली बसले. लादी बसवून दीड वर्ष झालं व्हतं, पन हाताला अजून सवय नव्हती. दारात दत्तूची नवी गाडी उभी. दत्तू म्हंजे माजा मोठा मुलगा. सुनेनं हातावर दही घातलं. शेजारची जनी गाडीच्या खिडकीशी आली आनि म्हनाली, "कॅनडात चूल असते का गं?" मी म्हनले, मानसं जेवत असतील तर चूल बी असंल. बाया हसल्या. मंग जनीच रडाया लागली. मी न्हाय रडले. मला वाटलं, रडले तर गाडीतून उतरीन.

गाडी गावाबाहेर पडली तवा डाव्या हाताला आमची तीन खाचरं यायला पायजे व्हती. तिथं गोदामवाल्यांच्या पत्र्याची निळी भिंत आली. भिंत लवकर संपंना. तिच्या पलीकडं कुठंतरी आमचा बांध हाय, बांधावर जांभळीचं खोड हाय. दत्तूनं तिकडं बघितलं न्हाय. तो मोबाइलवर बोलत व्हता, कोनाला तरी सांगत व्हता, आयेला सोडून येतो मंग बघू.

माज्या पिशवीत दोन लुगड्यांच्या मधी फडक्यात बांधलेलं मूठभर भात व्हतं. शेवटच्या मुड्यातलं. विमानातून उतरल्यावर तिथल्या साहेबानं पिशवी उघडली, गाठोडं हातात घेतलं, हुंगलं, आनि बाजूच्या डब्यात टाकलं. मला त्याची भाषा येत न्हाय, त्याला माजी येत न्हाय. मी हात जोडले, त्यानं मान हलवली. काचेच्या पलीकडं माजी मुलगी कुंदा उभी व्हती, ती हात हलवत व्हती.

मी चौथी शिकलेली. नात मयुरीची जुनी वही हाय, तिच्यात पेन्सिलनं लिहिते. जोडाक्षरं मला जड जातात, तशीच वाचा. गावाकडच्या बायांसाठी लिहिते, आनि आपल्या भागातली जी पोरं-पोरी इकडं कॅनडात येऊन पोटाला लागलीत त्यांच्यासाठी जास्ती लिहिते. मी जे केलं ते तुमच्या आयांनी करू नये.

आता ज्यांच्या घरात मुडा राहिला न्हाय त्यांच्यासाठी सांगते. भात झोडून झालं की सगळ्यात चांगलं, भरलेलं भात बियान्यासाठी बाजूला काढायचं. पेंढा पसरायचा, त्यात ते भात घालायचं, पेंढ्याच्या दोरीनं गच्च आवळून कलिंगडासारखा गोल गड्डा बांधायचा. तो मुडा. तो माळ्यावर जायचा. खायचं भात कणगीत, बियानं मुड्यात. कणगीला हात लावायचा, मुड्याला न्हाय. राब, म्हंजे रोपांची जागा, भाजून झाली की मृगात मुडा सोडायचा, तवरपर्यंत तो घरात हाय हे विसरूनच जायचं.

पोरांचे बाप, माजे मालक, आजारी पडले त्या साली कणगी लवकर संपली. कण्या शिजवून त्याचं पानी पोरांना देत व्हते, खाडीवरची निवट्या-कोलीम अशी बारीक मासळी काय मिळंल ती घालत व्हते. कुंदा सहा वर्षांची. एक दिवस ती माळ्यावर चढली, मुड्याच्या पेंढ्यात बोट घालून भोक पाडलं आनि मूठभर भात काढून कच्चंच चघळत बसली. मी तिला खाली ओढून मारलं. हातावर मारलं, पाठीवर मारलं. तिच्या बापानं खाटेवरून सांगितलं, सोड पोरीला. मी सोडलं न्हाय. मी म्हनत व्हते, "मेलो तरी मुडा फोडायचा न्हाय." त्या साली पोरांचे बाप गेले. मुडा तसाच राहिला. मृगात मी एकटीनं पेरनी केली, पीक चांगलं आलं. मी कितीतरी वर्सं त्या गोष्टीचा मान मिरवला. बायांना सांगायचे, मी अशी हाय.

मंग गोदामवाले आले. आदी शेजारच्या अंजूर गावाकडं, मंग आमच्याकडं. जो तो जमीन विकत व्हता. दत्तूला बी विकायचं व्हतं, आनि खरं सांगते, मला बी नको नव्हतं. गुडघे दुखत व्हते, खाचरात उतरवत नव्हतं. कागदावर कुंदाचं नाव लागत व्हतं, बापाची वारस म्हनून. ती तवा कॅनडातून महिनाभर आली व्हती. आपल्यात रीत हाय, तुमाला म्हाईत हाय, बहिनीनं हक्क सोडायचा. भाऊ साडी देतो, नारळ देतो, बहीन सही करते. जी करत न्हाय तिचं माहेर तुटतं. मी तिला म्हनले, "बाय, सही कर. भाऊ हाय तुजा. उद्या मी मेल्यावर तुला दार कोन उघडंल?"

हिरवी साडी मांडीवर घेऊन तिनं सही केली.

जमिनीचा पैसा आला आनि तीन वर्सांत गेला. बंगला झाला, गाडी झाली, दत्तूच्या पोरीची हळद झाली. त्या हळदीला अख्खा गाव जेवला, वरून खारबावपर्यंतचे पाहुने आले, गाण्याचा आवाज पहाटेपर्यंत. मी बी नाचले. कोनाला दोष कशाला देऊ. ज्या मानसानं जन्मात येवढा पैसा एकदम बघितला न्हाय त्याला वाटतं हा संपायचा न्हाय. पैसा आमच्याकडं कणगीतल्यासारखा आला, मुडा कोनी बांधलाच न्हाय. आनि शेत गेल्यावर माज्यासारख्या बाईला त्या बंगल्यात काम उरलं न्हाय. सकाळी उठून कुठं जायचं. सुनेला माजं बसनं खुपाया लागलं, मला तिचं चालनं. दत्तूनं कुंदाला फोन केला, आयेला आता जरा तुज्याकडं राहू दे.

कुंदा इकडं म्हाताऱ्या मानसांच्या घरात कामाला हाय. घर म्हंजे संस्था. तिथं पोरं आपल्या आया-बापांना ठेवून जातात. त्यांना उचलायचं, नाहू घालायचं, परत निजवायचं. इकडची मानसं अंगानं भारी. कुंदाच्या पाठीत कमरेच्या वर एक जागा हाय, ती कायम धरलेली. जावई सुरेश, खारबावचा, भिवंडीत लूमचा फिटर व्हता, आखातात जाऊन मंग इकडं आला. तो गाड्यांचे पार्ट बनवायच्या फॅक्टरीत. नात मयुरी शाळेत. दोन खोल्या भाड्याच्या, तिसऱ्या मजल्यावर. पहिला हिवाळा मी खिडकीशी बसून काढला. बरफ पडताना आवाज होत न्हाय, ह्याचीच मला भीती वाटायची.

आल्यावर मला वाटलं ही पोर कंजूस झाली. दोघं कमावतात आनि गाडी जुनी. घरात सोनं न्हाय. पगार झाला की थोडे पैसे आपोआप कुठंतरी जातात. मी विचारलं, कुठं जातात? सासरी पाठवतेस का? ती हसली. मंग रविवारी मला वाचनालयात घेऊन गेली. तिथं एक गुजराती बाई, शारदाबेन, जन्म आफ्रिकेतला, बँकेतून निवृत्त झालेली. आपल्यासारख्या मानसांना फुकट शिकवायची की पगारातला पैसा कसा राखायचा. हिंदी बोलायची. हिंदी मला भिवंडीच्या बाजारात भाजी विकून आलेली, लूमवाल्या भय्यांशी भाव करून.

ती जे सांगायची ते साधं व्हतं. आदी कार्डाचं कर्ज फेडा, कार्डाचं व्याज भरत असताना बाकी बचतीला अर्थ न्हाय. मंग सहा महिने घर चालंल येवढा पैसा साध्या खात्यात ठेवा, नोकरी गेली तर तो खायला. त्याच्यानंतर जे उरंल ते दर पगाराला थोडं थोडं म्हातारपनच्या खात्यात. आनि ते एका कंपनीत न्हाय घालायचं, कोनी भाऊबंद कितीबी छातीठोक सांगूद्या. सगळ्या कंपन्यांचा थोडा थोडा वाटा ज्याच्यात असतो असा फंड घ्यायचा, आनि ज्याची फी कमी असा. फी दिसत न्हाय पन वर्सानुवर्सं कुरतडते, ती म्हनायची, घुशीसारखी. आनि मंग हात लावायचा न्हाय. वीस वर्सं, पंचवीस वर्सं. निवृत्ती जवळ आली की हळूहळू सुरक्षित जागी आनायचा. त्याच्याआदी न्हाय.

परत येताना बसमधी कुंदा म्हनाली, "आये, साधं खातं म्हंजे आपली कणगी. आनि हे दुसरं म्हंजे मुडा."

मला एका बोलन्यात समजलं. मी तिला जवळ घेतलं बसमधी. मी म्हनले, मंग त्याला हात लावू नको गं बाय. मीच म्हनले हे.

तिचा हिशोब लहान व्हता. पंचावन्न झाली की ती उचलायचं काम सोडनार व्हती. घरी बसनार असं न्हाय, दुकानात उभं राहीन म्हनायची, पन मानसं उचलनार न्हाय. डॉक्टरनं सांगितलं व्हतं की ही पाठ फार वर्सं काढनार न्हाय. त्या मुड्याच्या जीवावर ती सोडनार व्हती. बारा वर्सं ती भरत आली व्हती, सुरेशचं बी त्याच्यातच.

दोन हजार आठची दिवाळी यायच्या आदी बाजार पडला. टीव्हीवर सारखं लाल लाल. मला आकडे कळत न्हाईत पन लाल कळतं. सुरेशच्या फॅक्टरीनं मानसं काढली, त्यात सुरेश बी. कुंदाला घाबरायचं कारन नव्हतं, कणगी भरलेली व्हती, सहा महिन्यांचं. ती कामाला जात व्हती, सुरेश काम बघत व्हता. खात्याचा कागद टपालानं यायचा, ती न उघडता डब्यात ठेवायची. शारदाबेननं तसंच सांगितलं व्हतं. मी मात्र तो उघडला, मयुरीकडून वाचून घेतला. दहामधले साडेसहा उरले व्हते.

त्याच आठवड्यात दत्तूचा फोन. गोदामवाल्यांची पार्टी अडकली, तो म्हनाला, पैशाची टंचाई हाय, खालचं खाचर अजून मोकळंच हाय, ते परत सोडतायत. जांभळीकडचं. एजंट ओळखीचा हाय. भाव पडलेत, आत्ता घेतलं तर घेतलं. टोकन द्यायचं, बाकी मागाहून. "आये, जमीन कधी पडत न्हाय. कुंदीचा पैसा तिकडं कागदावर विरघळतोय. तो इकडं आन. बापाची जागा घरात येईल."

बायांनो, तुमी हे ऐकलं असतं तर तुमी काय केलं असतं मला म्हाईत न्हाय. माज्या डोळ्यापुढं जांभळीच आली. मला वाटलं, एकदा जमीन मी घालवली, आता मीच आनते. आनि मला वाटलं की लेकीचा पैसा मी वाचवते.

कुंदा म्हनाली, न्हाय. पहिल्यांदा ती मला न्हाय म्हनाली. सुरेशनं सुद्धा खाली मान घालून सांगितलं, "मामी, आता विकलं तर खड्ड्यातच विकलं. आपल्याला उद्या पैसा लागत न्हाय." शारदाबेनला मीच फोन लावायला लावला, मला वाटलं ती तरी माजी बाजू घेईल, तिचे केस माज्यासारखे पांढरे. ती म्हनाली, "माँजी, आप को खेत का भाव रोज कोई आ के बताता था क्या? नहीं ना. तो इस का भी मत पूछो."

मी कोनाचं ऐकलं न्हाय. मी जेवन सोडलं. एक दिवस, दोन दिवस. कुंदा ड्युटीवरून यायची, ताट झाकलेलं बघायची, परत उचलून ठेवायची. तिसऱ्या दिवशी मी तिला म्हनले, "तुला बापाची जमीन नको? साडी घेऊन सुटलीस, येवढंच का गं?"

हे मी बोलले. हक्क सोडायला मीच लावलं व्हतं, आनि हे बी मीच बोलले.

तिनं दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन सगळं विकलं. आदीच कमी झालेलं, त्यातून मुदतीआदी काढलं म्हनून सरकारनं आपला कर तिथल्या तिथं कापून घेतला. उरलं ते दत्तूला पाठवलं. त्या संध्याकाळी मी जेवले. मला भूक लागली व्हती, पोटभर जेवले.

पुढचं थोडक्यात सांगते. एजंटनं स्टँप पेपरवर लिहून दिलं, रजिस्टर काय केलं न्हाय. दत्तूनं विश्वास ठेवला, लहानपनी एकत्र पोहायला जायचे म्हनून. ते खाचर कोनी विकायला काढलंच नव्हतं. त्या एजंटनं तसाच कागद वळच्याच आनखी तीन घरांना दिला व्हता. तो पैसा घेऊन गेला. दत्तूनं मला सांगितलं न्हाय. चार महिने तो फोनवर म्हनत राहिला, होतंय आये, मोजनी बाकी हाय. मंग फोन उचलनं बंद केलं. शेवटी जनीनं सांगितलं. जनीच्या पुतन्याचं बी गेलं व्हतं.

मी कुंदाला सांगितलं ती दुपार मला आठवते. ती कामावरून आली व्हती, अजून बूट काढले नव्हते. दाराशी खाली बसून ती बुटाची नाडी सोडत व्हती. मी सगळं सांगितलं, उभ्यानं. मला वाटलं ती ओरडंल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं एक बूट काढला, बाजूला नीट ठेवला. दुसरा पायातच राहिला. मंग ती म्हनाली, हळू, मयुरीला विचारावं तसं,

"आये, मला मूठभर भातासाठी मारलं व्हतंस ना गं?"

येवढंच. त्याच्यावर ती कधी काय बोलली न्हाय, तवा न्हाय, आजपर्यंत न्हाय. भावाला बी न्हाय. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन कामाला गेली.

आनि मंग बाजार परत वर यायला लागला. मी रोज टीव्ही बघायचे, लाल कमी कमी व्हत गेलं, हिरवं यायला लागलं. शारदाबेननं जे सांगितलं तेच व्हत व्हतं. कुंदाच्या संगती काम करनारी एक फिलिपिनो बाई हाय, तिनं हात लावला न्हाय, कागद सुद्धा उघडला न्हाय. तिचं भरून यायला लागलंय. ती आमच्याकडं केक घेऊन आली, म्हनाली अजून थोडी वर्सं, मंग मी हे काम सोडनार. कुंदानं तिला मिठी मारली. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, पान्याचा आवाज होऊ दे म्हनून.

सुरेशला काम लागलं, आदीपेक्षा कमी पगाराचं. कुंदानं परत सुरुवात केली, दर पगाराला थोडं, तोच साधा फंड. पन बारा वर्सं परत कुठून आनायची. पेरनीची वेळ गेली की बियानं कितीबी चांगलं असूद्या, तो हंगाम येत न्हाय. आता पंचावन्नला न्हाय, पासष्टला, ती म्हनते. पाठ ऐकंल का, ते कोनी बोलत न्हाय.

मी आता खालच्या मजल्यावरच्या पंजाबी बाईची दोन पोरं सांभाळते. ती पैसे देते. ते मी हातात घेत न्हाय, कुंदाला सांगितलंय, सगळे तुज्या मुड्यात टाक. आनि एक गोष्ट मी तिच्याकडून कबूल करून घेतली. मी परत कधी मागितलं, जेवन सोडलं, गळा काढला, मरायला टेकले, तरी द्यायचं न्हाय. ती म्हनाली, बरं. मी म्हनले, बरं न्हाय, हातावर हात ठेव. तिनं ठेवला. पोरांनो, तुमी बी तुमच्या आयांकडून असा हात घ्या. आया लेकरांचं वाईट चिंतत न्हाईत, पन घाबरतात, आनि घाबरलेल्या मानसाला जमीन दिसते, सोनं दिसतं, ओळखीचा एजंट दिसतो. गावाकडून फोन येईल. फोनवर रडतील बी. त्यांना तुमच्या कणगीतलं द्या, जितकं देता येईल तितकं. मुडा न्हाय.

दत्तूनं मागच्या महिन्यात फोन केला. गावदेवीची जत्रा हाय, ये म्हनाला, तिकीट काढतो. कशातून काढनार, मी विचारलं न्हाय. त्याच्यावर मी रागावलेली न्हाय, तो बी माज्याच पोटचा. पन जाऊन मी बसू कुठं. लादीवर बसून निळी भिंत बघायची. जनी म्हनते, ये गं, तुजं घर हाय. माजं घर हाय, खरं हाय. पन मला आता घर म्हटलं की ती ओटी डोळ्यापुढं येत न्हाय.

तीन वाजता कुंदा येते. बूट काढते, दोन्ही. जमिनीवर सतरंजी टाकून पालथी पडते. मी खोबरेल कोमट करून ठेवलेलं असतं. तिच्या कमरेच्या वर, उजव्या अंगाला, ती गाठ हाय, चिंचोक्यायेवढी. डोळे मिटून बी माजा अंगठा आता तिथं जातो. मी दाबते. ती श्वास धरते, मंग सोडते. बाहेर बरफ असतं किंवा नसतं. मयुरी शाळेतून यायला अजून वेळ असतो.

कधी कधी ती म्हनते, "जरा खाली, आये."

मी खाली दाबते.